पंचावन्न सेंटिमीटर

१

बुधवार आणि शनिवार. गेली एकोणीस वर्षं या दोन दिवशी मी ग्लेन फिअर्ना या दरीच्या पार टोकाला जातो. आमच्या गावाच्या मालकीचं एक लहानसं वीजकेंद्र आहे. ओढ्याचं पाणी जिथे नळात शिरतं तिथे लोखंडी जाळी आहे, आणि त्या जाळीत अडकलेला पाला, फांद्या, क्वचित एखादी फुगलेली मेंढी काढून टाकणं हे माझं काम. काम चाळीस मिनिटांचं, चाल दोन तासांची. जाळी मोकळी झाली की मी आणखी वीस मिनिटं वर जातो, धोंड्यापाशी.

त्याला दुसरं नाव नाही. डोंगरावरून कधीकाळी गडगडत आलेला, दुमजली घराएवढा खडक, चहूकडे दलदल. तीन बाजूंनी तो सोपा आहे. मागच्या उतारावरून तर शेळीसुद्धा माथ्यावर जाईल. चौथी, उत्तरेची बाजू, पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली आहे. खाली उभं राहिलं की खडक डोक्यावर येतो. उंची पाच मीटर वीस सेंटिमीटर. सुताराच्या घडीच्या पट्टीने मोजली आहे, दोनदा.

दोरी न लावता असले खडक चढायचे हा आमचा छंद. आमचा म्हणजे माझा आणि इशबेल मॅथेसनचा. पायात घट्ट बूट, तळव्याचा घाम शोषायला खडूची भुकटी, खाली जाड गादी. एक चढत असताना दुसऱ्याने खाली हात वर करून उभं राहायचं, पडलाच तर त्याला गादीकडे वळवायला. नियम दोनच. चढणाऱ्याला कोणाचा हात लागला, तर ती चढाई धरायची नाही. आणि जाताना खडकावर उमटलेले आपले पांढरे हात ब्रशने घासून काढायचे. पुढच्या माणसाला खडक कोरा मिळाला पाहिजे. कुठे धरायचं हे त्याचं त्याने शोधावं.

उत्तरेची वाट आम्ही अकरा वर्षं शोधत होतो. माझी मजल तीन मीटर दहापर्यंत, इशबेलची तीन चाळीसपर्यंत. ती आमच्या भागातली फिरती नर्स, वय एक्कावन्न, बोटांचे सांधे सुजायला लागलेले. अठ्ठावीस सप्टेंबरला ती बहिणीजवळ ॲबर्डीनला कायमची राहायला जाणार होती. म्हणजे हा शेवटचा हंगाम. जाण्याआधी ती वाट तिने चढावी, एवढंच मला हवं होतं. मी नाही चढलो तरी चालेल, असं मी जुलैतच डायरीत लिहून ठेवलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

सात ऑगस्टला, बुधवारी, मी नेहमीप्रमाणे धोंड्याला वळसा घालून उत्तरेकडे आलो, आणि वर, माथ्याच्या कडेखाली, मला एक पांढरा हात दिसला.

२

सुरुवातीला मला भीती वाटली नाही हे स्पष्ट लिहितो. मला संताप आला.

एकोणीस वर्षांत या धोंड्यावर तिसरं माणूस आलेलं नाही. आम्ही तो कोणाला सांगितलेला नाही, चढाईच्या पुस्तिकेत छापू दिलेला नाही. आणि आता कोणीतरी उपटसुंभ येतो, आमच्या अकरा वर्षांच्या वाटेवर हात मारतो, आणि साधा ब्रश फिरवायची लाज त्याला नाही! घरी जेवायला बोलावलेल्या माणसाने ताटात हात धुऊन उठून जावं, तसं.

मागच्या उताराने माथ्यावर गेलो, पालथा पडलो, कडेवरून पट्टी खाली सोडली. जमिनीपासून चार मीटर नव्वद. उजवा पंजा. बोटं खाली.

हे मी दोनदा तपासलं. चढणाऱ्याचा पंजा वर जातो, बोटं आकाशाकडे असतात. हा पंजा खाली रोखलेला होता, भिंतीवरून डोकं खाली करून उतरणाऱ्या पालीसारखा.

मग लक्षात आलं आणि संताप दुप्पट झाला. हा भामटा वरून दोरी सोडतोय! माथ्याला दोरी बांधायची, तिच्यावर लोंबकळायचं, एकेक पकड आरामात पाठ करायची, आणि मग एक दिवस खालून चढून जगाला सांगायचं की पहिला मीच. असं करणारे लोक असतात. इन्व्हर्नेसला तर पैशाला पासरी आहेत.

माथ्यावरचं शेवाळ मी बोटांनी चाचपलं. दोरीचा काच पडला तर ते फाटतं. ते कुठेच फाटलेलं नव्हतं. हिरवंगार, ओलं, अखंड. घोंगडी टाकली असेल दोरीखाली, मी स्वतःशी म्हणालो. चोरांना असल्या गोष्टी बरोबर सुचतात.

ब्रश काढला आणि पंजा घासून टाकला. भुकटी आमच्या खडूसारखी कोरडी नव्हती. गार होती, आणि ब्रशच्या केसांना चिकटत होती.

३

शनिवारी दहा तारखेला तो पुन्हा होता. या वेळी डावा. चार मीटर पस्तीस. घासला.

बुधवारी चौदाला, उजवा, तीन मीटर ऐंशी. ब्रश काठीला बांधून, वरूनच घासला.

परत येताना हेक्टर मॅक्लेननच्या झोपडीवर थांबलो. हेक्टर हरणांवर नजर ठेवतो. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सबंध दिवस दुर्बीण डोळ्याला, दरीत ससा शिंकला तरी त्याला कळतं.

"कोण येतंय वर?" मी दारातूनच विचारलं.

"चहा घे आधी. तोंड बघ केवढं केलंयस! बायको पळाली की काय? नाही, तुला बायकोच नाही म्हणा."

"हेक्टर, धोंड्यावर कोणीतरी येतंय. आठवड्यातून दोनदा. मी नसताना."

"लेका, महिन्याभरात या वाटेने वर गेलेले प्राणी सांगू? चौदा हरणं, एक खोकड, आणि बुधवारी-शनिवारी एक फार्कर मॅक्रे, वय चोपन्न, लंगडत. परवा एक शहरी जोडपं आलं होतं, ते पुलापर्यंत गेलं आणि चिलटांनी फोडून काढलं म्हणून ओरडत परत आलं. संपली यादी."

"डोंगरापलीकडून उतरत असेल."

"तिकडच्या उतारावर तर मी दिवसभर बघत असतो. डोळे फुटलेत का माझे?"

"मग तो खडू काय आपोआप उमटतो?"

हेक्टरने कप माझ्यापुढे सरकवला. "तुझ्या त्या धोंड्याला एकोणीस वर्षं गोंजारतोयस," तो म्हणाला. "कधीतरी त्यालाही वाटलं असेल, आपणही हात पुढे करावा."

तो स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. मी चहा तसाच ठेवून निघालो. लोकांना कशाचंच गांभीर्य राहिलेलं नाही.

४

सतराला, शनिवारी, इशबेल बरोबर होती. गादी तिच्या पाठीवर, चहाचा थर्मास आणि ओटच्या बिस्किटांचा डबा माझ्याकडे. वाटेत मी तिला सगळं सांगितलं, सेंटिमीटरसकट.

"तुझ्या रागाला पण तू पट्टी लावतोस," ती म्हणाली. "किती आहे आज? सव्वा मीटर?"

पंजा तीन मीटर पंचवीसवर होता. डावा, बोटं खाली. माथ्यावरून काठीनेही पोचण्याइतका तो आता वर नव्हता, म्हणून मी ओढ्याच्या जाळीवरची माझी शिडी आणली आणि आम्ही दोघांनी ती दलदलीत रोवली. इशबेल वर चढली. आपला तळवा त्या पंजाजवळ धरून बघत राहिली. लावला नाही, नुसता जवळ धरला.

"बाई नाही," ती म्हणाली. "मोठा पुरुष. आणि बोटं..."

"काय बोटं?"

"काही नाही. घसरली असतील, म्हणून लांब दिसतात." ती खाली उतरली. "फार्कर, राहू दे ना तो. येणारा येईल, जाणारा जाईल. मला आज चढू दे."

"त्याच्या खुणा बघून चढणार तू? अकरा वर्षांनंतर?"

"मी म्हटलं का तसं?"

"मग घासायला पाहिजे."

"घास बाबा, घास. तुझं समाधान होऊ दे." तिने खिशातून आपला ब्रश काढून माझ्याकडे फेकला. पन्नासाव्या वाढदिवसाला मीच तिला तो करून दिला होता. अ‍ॅश लाकडाची मूठ, रानडुकराचे केस, मुठीवर तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं. मी शिडीवर चढलो आणि पंजा नावनिशाणी राहणार नाही असा घासला.

त्या दिवशी ती तीन मीटर पन्नासपर्यंत गेली. दहा सेंटिमीटर जास्त. बिस्किटं खाताना तिचा चेहरा उजळला होता.

"ॲबर्डीनला काय करशील?" मी विचारलं.

"सगळं शहर ग्रॅनाइटचं आहे. घराच्या भिंतीवर चढत बसेन. शेजारी पोलिसांना बोलावतील."

ब्रश तिने परत घेतला, मुठीने गालाला खाजवलं आणि खिशात टाकला.

५

एकवीस ऑगस्टला, बुधवारी, मला ताप होता. जाळी कशीबशी साफ केली. धोंड्यावर पंजा दोन मीटर सत्तरवर. मी तो मोजला, लिहिला, आणि थंडी भरून आल्यामुळे ब्रश न काढताच परत फिरलो. नंतर दहा दिवस अंथरुणात. बाहेर पाऊस कोसळत होता. जाळीचं काम हेक्टरने केलं आणि दर वेळी निरोप पाठवला की धोंड्यावर तुझा जावई अजून आलेला नाही.

एकतीसला गेलो. पंजा तिथेच. तोच. दोन मीटर सत्तर, एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. खालच्या अंगाला दुसरा नाही. उत्तरेच्या पोटाखाली पाऊस पोचत नाही, म्हणून तो धुतला गेला नसणार हे मी मान्य केलं. पण तो भामटा दहा दिवस आला कसा नाही? डायरीत मी त्या दिवशी लिहिलंय: "हरामखोर माझी वाट बघत होता. मी नसलो की त्याला मजा येत नाही." हे वाक्य आता मी वाचू शकत नाही.

तो घासला. चार सप्टेंबर: दोन मीटर पंधरा. घासला. सात तारीख: एक साठ. घासला. अकरा: एक मीटर पाच. घासला. चौदा: पन्नास सेंटिमीटर. हा शेवटचा घासताना मला गुडघ्यावर बसावं लागलं. दलदलीत माझ्या बुटांखेरीज कसलाही ठसा नव्हता. गुडघ्यावर बसलो असताना मला सारखं वाटत होतं की मागे वळून बघावं. मी बघितलं नाही. स्वतःच्या धोंड्यापाशी स्वतः मागे वळून बघायचं, हा अपमान मला सहन होण्यासारखा नव्हता.

अठराला धोंडा कोरा होता. मी पट्टी घेऊन तळापासून माथ्यापर्यंत सगळा बघितला. एकही पांढरा डाग नाही.

"गेला!" मी मोठ्याने म्हणालो. खिशातली ओटची बिस्किटं काढली आणि ओल्या गवतावर बसून, थंडी वाजत असताना, सगळी खाल्ली. नऊ वेळा घासलं, नऊ वेळा हरवलं. आता वाट पुन्हा इशबेलची होती.

६

एकवीस सप्टेंबर, शनिवार. हवा कोरडी, थंड, वारा नाही. अशा दिवशी खडक हाताला चिकटतो. इशबेलने दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना पट्ट्या गुंडाळल्या. गादी मी पसरली, तिच्या कडा बुटाने दाबून सरळ केल्या, आणि हात वर करून उभा राहिलो.

"तोंड असं का केलंयस?"

"कसं?"

"लग्नात वरबापासारखं. मोकळा हो जरा."

ती चढायला लागली. पहिल्या चार पकडी आम्हाला झोपेतही येतात. पाचवीला ती थांबली नाही. डावा पाय खांद्याच्या उंचीवर गेला, उजवा हात तीन पन्नासवरच्या त्या अंगठ्याएवढ्या कंगोऱ्यावर. तिचे पाय आता माझ्या डोक्याच्या वर होते. माझे हात हवेत, पुरे ताणलेले, आणि तिची कंबर माझ्या बोटांपासून हातभर तरी वर. हे अंतर मी नंतर मोजलं. माझी पोच दोन मीटर अठरा.

"हात काढ," ती म्हणाली.

मला वाटलं, ती स्वतःशी बोलतेय. ती बोलते कधीकधी.

"फार्कर, हात काढ! मी पडत नाहीये!"

"माझा हात नाही!" मी ओरडलो.

तिचा स्वेटर काळा होता. कमरेच्या दोन्ही बाजूंना लोकर आत ओढली गेलेली मला दिसली, चिमटीत धरावी तशी. मग ती वर गेली. चढली म्हणायचं मला जड जातं, गेली. एका झटक्यात कडेवर कोपर, मग गुडघा, मग ती दिसेनाशी झाली. अकरा वर्षांची वाट दोन सेकंदांत संपली.

मी खाली बघितलं. का बघितलं ते माहीत नाही. गादी जाड स्पंजाची आहे. त्यावर उभं राहिलं की पाय आत जातात आणि निघालं की स्पंज हळूहळू वर येतो. माझ्या बुटांचे दोन खड्डे होते. त्यांच्या शेजारी, माझ्या उजव्या पायाला जवळजवळ लागून, आणखी दोन होते. लांबट, खोल, माझ्याहून कितीतरी जड कोणी उभं असावं असे. मी बघत असताना ते भरत आले. आधी टाचेकडचे, मग बोटांकडचे. आणि गादी सपाट झाली.

७

ती मागच्या उताराने खाली आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. आनंदाने नव्हे.

"का केलंस?"

"मी हात लावला नाही."

"दोन्ही हात. कमरेला. उचललंस तू मला."

"इशबेल, तू साडेतीन मीटरवर होतीस. माझा हात पोचतो तरी का तिथे?"

"मला काय माहीत? उडी मारलीस, गादीवर चढलास, शिडी लावलीस! मला कळलं नाही असं वाटलं तुला? सांधे गेलेत बिचारीचे, शेवटचा हंगाम आहे, देऊ या ढकलून. दया नको होती मला, फार्कर! तुझ्याकडून तर मुळीच नको होती!"

जन्मात मी कोणाच्या चढाईला हात लावलेला नाही. एखाद्याला चोर म्हणालात तरी चालेल, पण हे! मीही नको ते बोललो. तिला भास होतात म्हणालो, वय झालं म्हणालो. तळवे पुढे केले आणि दाखवले. खाली उभं राहणारा खडू लावत नाही, माझे हात स्वच्छ होते. ती बघायलाही तयार नव्हती. गादी पाठीवर टाकून तिने पाठ फिरवली, आणि तेव्हा मला तिच्या स्वेटरवर, कमरेच्या दोन्ही बाजूंना, दोन पांढरे पंजे दिसले. बोटं पुढे पोटाकडे वळलेली. फार लांब बोटं.

मी तिला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, हे बघ, तुझेच. आणि मला पुन्हा तोच आरोप ऐकून घ्यायचा नव्हता. एवढंच कारण. मोठं दुसरं कारण नाही.

त्या संध्याकाळी डायरीत लिहिलं: "उत्तरेची वाट. इ. मॅथेसन. माथ्यापर्यंत. हात लागला. धरायची नाही."

अठ्ठावीसला ती गेली. सामानाची गाडी माझ्या दारावरून गेली. मी पडद्याआड उभा होतो.

८

ऑक्टोबरच्या मध्यावर मी दर वर्षी डायरीची स्वच्छ प्रत काढतो. तारखा, मोजमापं, हवामान, सगळं रकान्यांत. या वर्षी पंजांचा एक रकाना करावा लागला, आणि त्याच्या शेजारी, नीटनेटकेपणासाठी म्हणून, 'घासला' असा दुसरा.

दोन्ही रकाने भरून झाल्यावर मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले.

चार नव्वद, घासला. चार पस्तीस, घासला. तीन ऐंशी, घासला. दर वेळी पंचावन्न सेंटिमीटर, ना एक कमी ना एक जास्त. एका हाताचं अंतर. आणि मध्ये फक्त एक जागा: एकवीस ऑगस्ट, दोन सत्तर, घासला नाही. एकतीस ऑगस्ट, दोन सत्तर. दहा दिवस तो हललेला नव्हता. मी घासला, आणि तो निघाला.

नऊ वेळा मी त्याला एकेक हात खाली आणला होता. आणि वर शाबासकी म्हणून बिस्किटं खाल्ली होती.

इशबेलला फोन करावा असं मनात आलं. पण सांगणार काय? आणि माफी कोणी मागायची होती? मी तर नाही. धोंडा कोरा होता, ती दीडशे मैलांवर होती, गोष्ट संपली होती. मी फोन केला नाही. असा एक आठवडा गेला.

वीस तारखेला, रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला तिचाच आला.

"अजून रुसलायस?"

"मी रुसलो नव्हतो."

"खरंय. तू रुसत नाहीस, तू नोंद करतोस." ती हसली. तिचं हसू ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत बसलो. "ऐक, मी चुकले असेन. बहीण म्हणते, तो माणूस मेला तरी हात लावणार नाही. जाऊ दे ते. मला तुझा सल्ला पाहिजे. ग्रॅनाइटवरचा चुना कशाने निघतो?"

"कसला चुना?"

"अरे, कोणीतरी टवाळखोर माझ्या भिंतीवर हात उमटवतोय! बाजूच्या भिंतीवर, अगदी छपराखाली. वर कसा जातो देव जाणे. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्याची शिडी आणून घासून काढला. परत आला. पुन्हा शिडी, पुन्हा घासला. तुझा ब्रश झकास चालतो, पण ही भुकटी ओली आहे, केसांना धरते. शेजारी म्हणतो, बाई, रोज शिडी नेता, लग्न तरी करा माझ्याशी."

"इशबेल," मी म्हणालो. "बोटं कुठे आहेत?"

"काय?"

"बोटं. वर की खाली?"

"खाली. का रे? तू म्हणजे ना... थांब हं, फोन खिडकीत ठेवते, माझे हात भरलेत."

"घासू नकोस. ऐकतेस का? तसाच राहू दे. इशबेल!"

फोन दगडावर ठेवल्याचा आवाज आला. मग वारा, समुद्रपक्षी, आणि त्यांच्या मध्ये एक आवाज जो मी डोळे मिटूनही ओळखेन. रानडुकराचे केस, ग्रॅनाइटवर. खसखस, खसखस.

मी ओरडत होतो. फोन तोंडाशी धरून, उभा राहून, तिचं नाव घेत होतो.

"झालंच," ती लांबून म्हणाली. "बरं झालं, आज शिडी लागली नाही. खिडकीतूनच हात पुरतोय."

खसखस चालू राहिली. मग थांबली.

आणि ती बोलली, तशीच, धोंड्यावर बोलली होती तशी, घाबरून नव्हे, चिडून:

"हात काढ."